खिडकीकडची गादी

झोप हा उदय कणसेचा एकमेव सर्वमान्य गुण होता. ओगलेवाडीत त्याचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. नवशिक्याच्या शेजारी बसून, पायाखाली जादाचा ब्रेक ठेवून हा माणूस डुलकी काढतो, अशी त्याची कराडभर ख्याती होती. सर झोपले म्हणजे आपल्याला गाडी यायला लागली, असं पोरं म्हणत. पुढे गाड्या स्वतःच चालायला लागल्या, आणि शिकायला येणारे उरले ते हौशी, हट्टी, किंवा ज्यांच्या वाडीचा रस्ता कुठल्याच संगणकाला उमगत नव्हता असे. धंदा बसला, पण उदयची झोप बसली नाही. उशीला डोकं टेकलं की स्वारी गावाला गेली.

त्याची बायको शैलजा मात्र दोन वर्षं झोपेला मुकली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं, आणि जाताना तिची झोपही सोबत नेली. आठवड्यातून तीनदा ती कराडच्या केंद्रात डायलिसिसच्या खुर्चीत बसायची. चार तास रक्त बाहेर निघून, धुऊन, परत आत यायचं. घरी आल्यावर अंगात त्राण नसायचं आणि रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. कन्याशाळेत भूगोल शिकवणारी, सगळ्या शाळेला धाकात ठेवणारी बाई, पहाटेपर्यंत पाय झटकत पडून राहायची. शेजारी नवरा घोरत असायचा, आणि त्या घोरण्याचा तिला इतका राग यायचा की कधीकधी ती त्याला उगाचच कोपरानं ढोसायची. तो कूस बदलून पुन्हा झोपायचा.

याच सुमारास रातराणी आली. कंपनीनं त्या यंत्राला काही भारदस्त नाव दिलं होतं, पण रात्रीच्या एसटीला रातराणी म्हणणाऱ्या लोकांनी रात्री चालणाऱ्या डायलिसिसलाही तेच नाव ठेवलं. प्रवासी बॅगेएवढं यंत्र. झोपताना हाताला जोडायचं, रात्रभर ते सावकाश रक्त गाळत राहणार, आणि सकाळी माणूस मोकळा. चार तासांत घाईनं उरकलेलं काम सात तासांत झालं की हृदयावर ताण येत नाही, पाणी घोटभर जास्त पिता येतं, आणि मुख्य म्हणजे दिवस आपला राहतो. अट एकच होती. माणूस झोपायला हवा. जागा माणूस तळमळतो, हात हलवतो, सुई सरकते, नळीत रक्त गोठतं आणि यंत्र बोंब मारून बंद पडतं. केंद्राकडे आली होती मोजकीच यंत्रं. म्हणून नियम असा केला होता की ज्याची झोप आठ आठवडे सलग चांगली भरेल, त्यालाच रातराणी मिळेल.

शैलजाला ती हवीच होती, आणि तिचं कारण साऱ्या घराला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक मृण्मयी नागपूरला दिली होती आणि तिला दिवस गेले होते. फाल्गुनात बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण जी आई दिवसाआड खुर्चीत अडकलेली आणि उरलेल्या दिवशी भिंत धरून चालणारी, ती बाळंतिणीचं काय करणार? मृण्मयीच्या सासूबाईंनी गोड शब्दांत सुचवलंही होतं की आम्ही इथंच बघतो सगळं. शैलजानं फोन ठेवला आणि म्हणाली, "दिवस मोकळे झाले तर मी आणीन तिला. संक्रांतीनंतर आणीन." त्या दिवशी दिवाळी संपून आठवडाही झाला नव्हता.

केंद्रात ईश्वरी देशमाने नावाच्या तिशीतल्या बाई होत्या. पेशंट त्यांना झोपेच्या मॅडम म्हणत. त्यांनी नवराबायकोला समोर बसवलं.

"रक्तात घाण साचते काकू, त्यानं खाज सुटते, पाय स्वस्थ बसत नाहीत. हे एक. दुसरं म्हणजे तुम्ही इथं खुर्चीत पेंगता. झोपेचं पोटासारखंच असतं. दिवसभर चिवड्याच्या मुठी भरल्या तर रात्री ताटावर घास जाईल का?"

"मग गोळी द्या की," उदय म्हणाला.

"गोळी शरीरातून बाहेर कोण टाकणार काका? ते काम किडनीचं. तुम्ही घेतलेली गोळी सकाळी उतरेल, काकूंची दुसऱ्या दिवशीही डोक्यात बसून राहील. म्हणून औषध नाही, सवय. अंथरुणात दोन वर्षं तळमळल्यामुळे काकूंच्या मेंदूनं अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, असं धरून ठेवलंय. ते मोडायचं."

मोडायचे नियम उदयला उफराटे वाटले. जिला झोप नाही तिनं मध्यरात्रीपर्यंत अंथरुणाकडे फिरकायचं नाही. झोप लागली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचं. उठायची वेळ ठरलेली, मग रात्र कशीही जावो. दिवसा डुलकी अजिबात नाही, खुर्चीत तर नाहीच. जसजशी झोप भरेल तसतसा अंथरुणातला वेळ वाढवून मिळेल. घरात आजारी माणूस झोपलं की आपण रेडिओ बंद करतो, चपला हातात घेऊन चालतो. इथं त्या माणसाला गदागदा हलवून उठवायचं होतं.

"आणि घड्याळ बघायचं नाही, फोन जवळ घ्यायचा नाही," ईश्वरी म्हणाल्या. "किती झोपले याचा हिशेब करत बसलं की झोप उडते. तुमची झोप गादीखालची पट्टी मोजेल. सकाळी निरोप काकांच्या फोनवर येईल. त्यांनी तो तुम्हाला सांगायचा."

पट्टी बसवायला माणूस आला त्या दिवशी शैलजा केंद्रात होती. तिला सोडून उदय नुकताच परतला होता आणि फोनवर कुणाला तरी क्लच म्हणजे काय ते समजावत होता. पलंगावर दोन गाद्या शेजारी शेजारी होत्या.

"काकू कुठल्या बाजूला झोपतात?"

"खिडकीकडे," उदयनं फोनवर हात ठेवून सांगितलं.

त्या माणसानं खिडकीकडच्या गादीखाली बोटभर रुंदीची पट्टी चिकटवली. काळजाच्या प्रत्येक ठोक्याला शरीराला बारीक हिसका बसतो, तो गादीतून पट्टीला कळतो, असं त्यानं सांगितलं. ठोका, श्वास आणि हालचाल या तिन्हींवरून माणूस जागा आहे की झोपला, आणि किती गाढ, ते निघतं. "पहिला आठवडा ही ओळख करून घेते. प्रत्येकाच्या काळजाची चाल निराळी असते. एकदा ओळखलं की शेजारी कुणी कितीही घोरलं तरी हिला फरक पडत नाही. आणि पेशंटच्या जागी दुसरं माणूस झोपवलं तर नोंद तिथंच बंद पडते. एकानं चुलतभावाला झोपवला होता."

उदय मनापासून हसला.

पहिला आठवडा शैलजासाठी नरक होता. बारा वाजेपर्यंत ती पेंगत बसायची, आणि अंथरुणावर पडली की लख्ख जागी व्हायची. उठून बाहेर जायची, परत यायची, परत उठायची. आठवड्याच्या शेवटी ईश्वरींनी पडद्यावर आकडे दाखवले तेव्हा ती बघतच राहिली. अंथरुणातल्या वेळातला नव्वद टक्के वेळ ती झोपलेली होती.

"शक्य नाही," ती म्हणाली. "मी सगळी रात्र जागी होते. बाहेरच्या खोलीत जाऊन बसत होते मी."

"पट्टीवर तुम्ही एकदाही उठलेल्या दिसत नाही. काकू, रागावू नका. असं बऱ्याच पेशंटांचं होतं. माणूस झोपतो, पण अर्धवट जागा असल्याची आठवण मागे राहते. उठल्याचं, बसल्याचं स्वप्नही पडतं. आपण झोपलोच नाही असं तो शपथेवर सांगतो. तुम्ही झोपताय. फक्त तुम्हाला ते पोचत नाही."

भूगोलाच्या बाईला कुणी पृथ्वी सपाट आहे म्हणावं तसा तिचा चेहरा झाला होता. पण शिकलेली बाई, आकड्यापुढे हात टेकणारी. दोन दिवसांनी ती स्वतःशीच हसली आणि म्हणाली, "म्हणजे मी उगाच रडत होते म्हणायची."

त्यानंतर नवल घडलं. आपण झोपतो आहोत यावर तिचा विश्वास बसला, आणि ती झोपेची वाट बघायची थांबली. वाट बघायची थांबल्यावर झोप आली. केंद्रात शेजारच्या खुर्चीत उंब्रजचे हमीद मुल्ला असायचे. त्यांचीही झोपेची परीक्षा चालू होती. दोघं एकमेकांना जागं ठेवायला गावांच्या भेंड्या खेळायचे. शैलजाच्या गालावर जरा उजेड आला. तिनं मृण्मयीला डिंक कुठला आणायचा ते सांगितलं, बाळंतिणीची खोली आवरायला काढली. रोज सकाळी उदय फोन बघून म्हणायचा, "झकास," आणि ती अर्धा कप चहा घेऊन कामाला लागायची.

चौथ्या आठवड्यात डायलिसिस चालू असताना तिचा रक्तदाब एकदम खाली गेला. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नव्हते, म्हणून तिची बहीण थांबली. उदय घरी आला, आज काही आपल्याला झोप लागत नाही असं म्हणत आडवा झाला, आणि नेहमीसारखा झोपला.

सकाळी फोन वाजला. 'नमस्कार शैलजाताई. काल आपली झोप उत्तम झाली. असंच चालू ठेवा.'

उदयनं तो निरोप तीनदा वाचला. मग त्यानं शेजारी पाहिलं. दाराकडची गादी रिकामी होती, आणि तो स्वतः खिडकीकडच्या गादीवर बसला होता.

पंचवीस वर्षं शैलजा खिडकीकडे झोपत होती. पण डायलिसिससाठी तिच्या डाव्या हाताची शीर जोडून जाड केली, तेव्हापासून त्या हातावर दाब पडू द्यायचा नव्हता. खिडकीकडे झोपलं की तो हात उदयच्या बाजूला यायचा, आणि उदय झोपेत कुठं लोळेल याचा नेम नव्हता. म्हणून दीड वर्षापूर्वी दोघांनी जागा बदलल्या. पट्टीवाल्यानं विचारलं तेव्हा उदयच्या तोंडून पंचवीस वर्षांची सवय बोलून गेली. आतापर्यंत नोंदली गेली होती ती सगळी त्याची झोप. शैलजा पहिला आठवडाभर खरोखर जागी होती, खरोखर उठून बाहेर जाऊन बसत होती, आणि तिला ते स्वप्न होतं म्हणून सांगितलं गेलं होतं.

लगेच ईश्वरींना फोन करावा म्हणून त्यानं नंबर काढला, आणि फोन खाली ठेवला. कालची एक रात्र आठवड्याच्या आकड्यात मिसळून जाईल, कुणाच्या लक्षात येणार नाही. आता बोललं तर नोंद रद्द. पुन्हा पहिल्यापासून आठ आठवडे, म्हणजे संक्रांत गेली, लेकीचं येणं गेलं. पट्टी उचलून तिच्या गादीखाली सरकवावी, तर पट्टी त्याचं काळीज ओळखत होती. आणि शैलजाला आता खरंच झोप लागत होती, नाही का? परीक्षेत नंबर दुसऱ्याचा पडला, पण अभ्यास तर तिनं केला होता. आणखी चारच आठवडे. मला काय, फक्त झोपायचं आहे. तेवढं तर मला येतं.

आणि त्या रात्रीपासून उदय कणसेची झोप उडाली.

झोपायचंच आहे म्हटलं की झोप येत नाही, ही गोष्ट त्याला जन्मात पहिल्यांदा कळली. उशीला डोकं टेकलं की पट्टी आठवायची. पाठीखाली ती टोचत नव्हती, पण टोचते आहे असं वाटायचं. काळीज धडधडतंय हे तिला कळत असेल, म्हणून काळीज आणखी धडधडायचं. त्यानं संध्याकाळचा चहा सोडला, शेतातून फेऱ्या मारल्या, गुपचूप गरम दूध प्यायलं. ईश्वरींचे नियम स्वतःवर लावून पाहिले, तर बाहेरच्या खोलीत बसल्यावर पट्टीवर रिकामी गादी दिसेल म्हणून धावत परत आला. आणि दाराकडच्या गादीवर शैलजा संथ श्वास घेत झोपलेली असायची. तिचे पाय हलत नसायचे. तो कोपरावर रेलून तिच्याकडे बघत राहायचा, आणि त्याला इतकं बरं वाटायचं आणि इतकी भीती वाटायची की दोन्ही मिळून पहाट व्हायची.

आकडे घसरले. सकाळी तो शैलजाला "झकास" म्हणायचा, पण आठवड्याच्या भेटीत ईश्वरी खरा आकडा दाखवायच्या.

"पण मला तर छान झोप लागल्यासारखं वाटतं," शैलजा म्हणाली.

"काकू, आधी तुम्हाला जागी आहे असं वाटायचं तेव्हा तुम्ही झोपलेल्या होतात. आता उलट दिसतंय. वाटण्यावर जाऊ नका. काही टेन्शन आहे का घरात?"

शैलजानं उदयकडे पाहिलं. उदय भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होता.

त्या रात्री ती बारा वाजेपर्यंत बसली तशी बसूनच राहिली. "मी झोपले तरी जागी असते, जागी असले तरी झोपलेली असते," ती म्हणाली. "मला माझं कळेनासं झालंय हो. माझी आई तर शेवटी असं करत नव्हती ना? डोक्याचं काही असेल का?"

"काही नाही डोक्याचं," उदय म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि त्याबद्दल त्याला स्वतःची किळस आली.

सातव्या आठवड्यात एका सकाळी तो तिला केंद्रात घेऊन निघाला. गाडी स्कूलचीच, जुनी, माणसानं चालवायची. कारखान्यांचा हंगाम जोरात होता. पुढे उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली डोलत चालली होती, दोन्ही बाजूंनी मोळ्या रस्त्यावर लोंबत होत्या. उदयला उसाची हिरवी शेंडी दिसली, मग ती धूसर झाली, मग काहीच नाही.

शैलजा नेहमी शिकवणाऱ्याच्या जागी बसायची. तिनं दोन्ही पायांनी जादाचा ब्रेक दाबला. गाडी ट्रॉलीच्या मागे हातभर अंतरावर थांबली. उसाच्या वाढ्याची पानं काचेवर घासली गेली, आणि ट्रॉली आपल्या तालात पुढे निघून गेली.

शैलजा म्हणाली, "तुम्ही गाडी चालवताना झोपलात."

"हो."

"तुम्ही. ज्यानं तीस वर्षांत कधी स्टिअरिंगवर डोळा मिटला नाही." तिनं त्याचा चेहरा हातानं आपल्याकडे वळवला. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "किती दिवस झोपला नाहीत?"

उदयनं गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. पट्टीवाला, खिडकी, वॉर्डातली रात्र, तो निरोप. स्वतःला वाचवायचं म्हणून नव्हे; आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती ऐकताना ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती आणि सोडत होती.

"म्हणजे पहिल्या आठवड्यात मी जागी होते," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मी सांगत होते, जागी आहे म्हणून. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला झोपलेली ठरवलंत."

"तेव्हा मलाही माहीत नव्हतं गं शैला."

"नंतर माहीत झालं. त्यालाही तीन आठवडे झाले. परवा मी तुम्हाला विचारलं, माझ्या डोक्याचं काही आहे का. तुम्ही काही नाही म्हणालात." तिचा आवाज चढला नाही. "माझं पाणी मोजलं जातं, मीठ मोजलं जातं, रक्त त्या नळीतून जातं-येतं ते मी नुसती बघते. मी जागी आहे की झोपले, एवढं एकच मला माझं माहीत होतं. ते पण तुम्ही घेतलंत."

उदयनं इंजिन बंद केलं.

"उतरा," ती म्हणाली. "इकडे येऊन बसा."

तिनं डावा हात जपत, स्टिअरिंगवर उजवा ठेवत, स्वतः गाडी चालवत कराड गाठलं. उदय शिकवणाऱ्याच्या जागेवर बसला होता. त्या जागेवर तो पहिल्यांदाच टक्क जागा होता.

ईश्वरींना त्यानंच सांगितलं, शैलजा शेजारी उभी असताना. त्यांनी कपाळाला हात लावला. स्वतःवरही चिडलेल्या दिसल्या. काकू उठून बाहेर जातात म्हणत होत्या, तेव्हा एकदा घरी येऊन बघायला हवं होतं, असं म्हणाल्या. पण नियम मोडायला त्यांच्या हातात काही नव्हतं. नोंद रद्द झाली.

"आता ती खरंच झोपते," उदय म्हणाला. "मी बघितलंय मॅडम. रोज बघतो."

"काका, तुम्ही बघितलेलं मी कुठं मांडू? आणि तुम्ही सांगितलेलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. शैलजा खिडकीबाहेर बघत होती.

रातराणी हमीद मुल्लांना मिळाली. शैलजानं त्यांना पेढा मागितला. ते ओशाळून म्हणाले, "भाभी, तुमची बारी होती." ती म्हणाली, "माझी नव्हती चाचा, ह्यांची होती," आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं, ते दोघंच.

घरी येऊन तिनं मृण्मयीला फोन केला. सासूबाईंचं ऐक, नागपूरलाच राहा, म्हणाली. का ते सांगितलं नाही. यंत्राला वेळ लागतोय, एवढंच. पलीकडे लेक रडली, इकडे आई रडली नाही. फोन ठेवल्यावर तिनं बाळंतिणीच्या खोलीतली बाज स्वतः अडगळीच्या खोलीत ओढत नेली. उदय उचलू लागायला पुढे झाला, तर म्हणाली, "राहू दे."

परीक्षा पुन्हा सुरू झाली. पट्टी दाराकडच्या गादीखाली गेली आणि उदय बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. सकाळचा निरोप आता त्याच्या फोनवर येत नव्हता. ती रविवारी ईश्वरींकडून स्वतः ऐकायची आणि घरी येऊन काही सांगायची नाही. गाडी दोघांनीही बंद केली. केंद्राची विनाचालक व्हॅन दारात यायची, तिच्यात मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसून दोघं जायचे-यायचे. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला हातांचं काय करावं ते समजायचं नाही. बोलणं व्हायचं ते भाजी कुठली आणायची एवढंच. उदयला दिवाणावर हळूहळू झोप यायला लागली होती, पण पूर्वीची नाही. पान हललं तरी जाग यायची, आणि जाग आली की तो आतल्या खोलीचा कानोसा घ्यायचा. आत काय चाललंय ते विचारायचा हक्क आपण घालवला आहे, हे त्याला पक्कं कळलं होतं.

फाल्गुनात, परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात, नागपूरहून फोन आला. मृण्मयीला दवाखान्यात नेलं होतं. ती रात्र दोघांनी जागून काढली, ती आत, तो बाहेर. पहाटे मुलगी झाली. शैलजानं फोनच्या पडद्यावर नातीचं लालबुंद तोंड बघितलं, पडद्यावरूनच तिची दृष्ट काढली, आणि आवरून व्हॅनमध्ये बसली, कारण त्या दिवशी तिची डायलिसिसची पाळी होती.

परत येताना ऊन चढलं होतं. रात्रभराचं जागरण, चार तासांचं डायलिसिस, आणि व्हॅन अशी गुळगुळीत चालत होती की पोटातलं पाणी हलू नये. सैदापूरच्या पुढे शैलजाचं डोकं कलंडलं, आणि उदयच्या खांद्यावर टेकलं.

तो श्वास रोखून बसला. ट्रॉलीच्या त्या सकाळनंतर तिनं त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिच्या केसांना केंद्रातल्या साबणाचा वास येत होता. नात झाली, आणि तिच्या अंगाखाली दुपटं घालायला तू तिथं नव्हतीस, ते माझ्यामुळे. आता निदान घर येईपर्यंत तरी झोप. पाव तास. इथं पट्टी नाही, कुणाला कळणार नाही. कळणार नाही, हे शब्द मनात आले आणि त्याला त्यांची चव ओळखीची वाटली. दिवसा झोपायचं नाही. रात्रीची भूक मोडते. तिला शेवटच्या चार रात्री उरल्या होत्या.

"शैला," तो म्हणाला. ती हलली नाही. त्यानं खांदा काढून घेतला आणि तिचा दंड हलवला. "शैला, ऊठ. झोपायचं नाही."

तिनं डोळे उघडले. क्षणभर तिला काही उमगेना. मग ती सरळ बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. उदयनं मान खाली घातली नाही.

"ते शेवटचे आठवडे," ती म्हणाली. "तुम्ही जागे होतात तेव्हाचे. मी खरंच झोपत होते?"

"झोपत होतीस."

"रोज?"

"रोज नाही. त्या भेटीनंतर चार-पाच रात्री नाही झोपलीस, दोनदा उठून बाहेर बसलीस. पण त्याच्या आधी झोपत होतीस. पाय हलायचे नाहीत. एकदा झोपेत कुणाला तरी नकाशा नीट भर म्हणून रागावलीस."

शैलजानं हातांनी डोळे चोळले. बाहेर उसाचं पाचट पेटवलेल्या शेतातून धूर येत होता.

"सगळं सांगा," ती म्हणाली. "एकेक रात्र सांगा. मी पेंगायला लागले तर पुन्हा हलवा."

उदयनं पहिल्या रात्रीपासून सांगायला सुरुवात केली.